आबाजींचा 'अलबेला' आणि झालरीवाला ट्रम्पेटवादक

माझ्या फोनमध्ये 'अधलेमधले' नावाची एक प्लेलिस्ट आहे. एखादा गायक एका गावाहून निघालाय, पण दुसऱ्या गावी अजून पोचलेला नाही, अशा वेळी त्याने केलेले अल्बम मी तिच्यात टाकत असतो. पहिला मान अर्थातच जोनी मिचेलचा. कॅनडाची ही बाई गिटार घेऊन कॉफीहाउसांमध्ये लोकगीतं गायला लागली. शब्द तिचे, चाल तिची, आवाज तिचा. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे तिचा डावा हात कमजोर राहिला होता. नेहमीच्या पद्धतीने कॉर्ड धरणं जड जायचं, म्हणून ती गिटारच्या ताराच आपल्या सोयीने वेगवेगळ्या सुरांत लावून घ्यायची. त्यातून असे काही स्वरमेळ निघायचे की लोकसंगीतातले आणि रॉकमधले वादक गोंधळून जायचे. १९७२ च्या 'फॉर द रोझेस'मध्ये टॉम स्कॉटची फुंकवाद्यं हळूच आत येतात. १९७४ च्या 'कोर्ट अँड स्पार्क'मध्ये त्याचा अख्खा जॅझ बँड तिच्या मागे उभा असतो. आणि १९७९ मध्ये ती चार्ल्स मिंगस या जॅझमधल्या बड्या असामीच्या नावाचाच अल्बम काढते.

ही प्लेलिस्ट पाहून एका मैत्रिणीने विचारलं, "यात मराठी माणूस एकही नाही?" मी दोन-चार नावं घेतली, पण ती माझी मलाच पटेनात. उत्तर सापडलं ते पुलगावला, चुलतभावाच्या वरातीत.

वरातीत बँड होता. आमच्या वर्धा जिल्ह्यात पोराच्या कानावर पडणारा पहिला ट्रम्पेट हा वरातीतलाच असतो. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झुपके, आणि गालांचे फुगे करून वाजवणारी माणसं. त्या रात्री आधी नवी गाणी वाजली, पोट्टे नाचले, मग कोणीतरी म्हाताऱ्यांसाठी जुनं काही वाजवा म्हणालं आणि क्लॅरिनेटवाल्याने 'शोला जो भडके' उचललं. खुर्चीवर बसलेले आमचे आबाजी, म्हणजे माझे आजोबा, वय ऐंशीच्या पुढे, त्यांनी दोन्ही हात कोपरात वाकवून हलवायला सुरुवात केली. पाय जागेवरच, नाचायचं ते फक्त खांद्यांनी आणि मनगटांनी. "हे आपल्या भगवानचं," मला म्हणाले.

'आपल्या' म्हणण्याचं कारण आहे. भगवान आबाजी पालव, म्हणजे भगवानदादा, यांचा जन्म १९१३ चा, अमरावतीचा. अमरावती आणि वर्धा यांच्यामध्ये फक्त वर्धा नदी. त्यांचे वडील गिरणी कामगार होते, आणि आबाजींचे वडीलही पुलगावच्या कापूस गिरणीतले. त्यामुळे 'अलबेला' आमच्या घरात जवळजवळ नातेवाइकाचा सिनेमा समजला जातो. २०१६ साली 'एक अलबेला' हा भगवानदादांवरचा मराठी सिनेमा आला तेव्हा आबाजींना मोठ्या हौसेने दाखवला. त्यांनी मंगेश देसाईंचं काम मान हलवत पाहिलं आणि बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले की बँडवाले काही तसे नव्हते.

ते वाक्य तेव्हा माझ्या डोक्यावरून गेलं. वरातीनंतर घरी येऊन मी 'अलबेला'ची सगळी गाणी ओळीने ऐकली आणि लक्षात आलं की मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर हेच. फक्त ते उत्तर एका माणसाचं नाही.

संगीतकार सी. रामचंद्र. पूर्ण नाव रामचंद्र नरहर चितळकर, जन्म १२ जानेवारी १९१८, पुणतांबे, अहमदनगर जिल्हा. पण सुरांची पहिली पक्की बाराखडी त्यांनी गिरवली ती आमच्या बाजूला, नागपुरात, शंकरराव सप्रे यांच्याकडे. वसंतराव देशपांडेही त्याच सप्रे गुरुजींचे शिष्य. पुढे पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे तालीम झाली. नागपूरहून पुण्या-मुंबईकडे जाणारी रेल्वे वर्ध्यावरून, पुलगाववरून जाते, म्हणजे हा मुलगा कधी ना कधी आमच्या फलाटावरून गेला असणार. यात इतिहास काही नाही, पण मला तो विचार आवडतो.

मुंबईत त्यांना व्हायचं होतं नट. चेहरा चांगला होता, १९३५ च्या 'नागानंद'मध्ये कामही मिळालं, पण सिनेमा चालला नाही. मग सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये ते पेटी वाजवू लागले. संगीतकार म्हणून पहिली संधी आली ती तमिळ सिनेमात, 'जयक्कोडी' आणि 'वनमोहिनी', आणि हिंदीत १९४२ च्या 'सुखी जीवन'मध्ये. ही हिंदी संधी देणारा दिग्दर्शक म्हणजे भगवान. दोघे मित्र. एक अमरावतीचा गिरणी कामगाराचा मुलगा, दुसरा नागपुरात सा रे ग म घोटलेला.

या माणसाच्या नावांचा घोळ मात्र सांगायलाच हवा. सुरुवातीच्या काही सिनेमांत तो 'राम चितळकर', काहींत 'अण्णासाहेब', एकात 'शामू'. संगीतकार म्हणून 'सी. रामचंद्र', गायला की नुसता 'चितळकर'. ओळखीचे लोक 'अण्णा' म्हणत. एकच माणूस पाटीवर पाच नावं लावून बसलेला. कोणतं नाव खरं याचा त्याला फारसा त्रास होत नसावा. पण ज्यांना एकच नाव होतं आणि तेही कुठे छापलं जात नव्हतं, अशा माणसांकडे आपल्याला जायचंय.

त्यासाठी गोव्याला जावं लागेल. पोर्तुगीज राजवटीत गोव्याच्या चर्चांना जोडलेल्या शाळांमध्ये मुलांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जायची. कारण साधं होतं, चर्चला प्रार्थनेसाठी वादक हवे असत. पण गोव्यात त्या शिक्षणावर पोट भरणारी नोकरी नव्हती. म्हणून ही मुलं बोटीत बसून मुंबईला यायची. मूकपटांच्या काळात थिएटरात वाजवायची, मग हॉटेलांच्या बॉलरूममध्ये. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबीचा आफ्रिकन-अमेरिकन बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला, पाठोपाठ क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड आले. गोव्याच्या पोरांनी त्यांना ऐकलं, त्यांच्याबरोबर वाजवलं आणि जॅझ उचलला. त्यांच्यातला एक अँतोनियो झेव्हियर वाझ, जन्म १९१६, गाव आल्दोना. ट्रम्पेट वाजवायचा. लुई आर्मस्ट्राँगच्या इतका प्रेमात की लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. त्याने स्वतःला नाव घेतलं चिक चॉकलेट.

आता यात एक विनोदी वळण आहे, आणि आम्हा वर्धेकरांना ते पटकन कळतं, कारण गांधीजींच्या पुण्याईने आमचा जिल्हा दारूबंदीचा. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यातही दारूबंदी आली. इंग्रज गेले, नाचणारी गिऱ्हाइकं कमी झाली आणि बारला कुलूप लागलं. मद्याविना बॉलरूम किती दिवस चालणार? वादकांना पोटासाठी दुसरं काही हवं होतं, आणि ते अंधेरी-दादरच्या स्टुडिओंत होतं. म्हणजे हिंदी सिनेमात जॅझ आला त्यात आवड होती, कलाकारांची भेट होती, सगळं खरं, पण थोडा हात मोरारजींच्या दारूबंदीचाही होता.

स्टुडिओत गोवेकर लागायचे ते नुसते वाजवायला नाही. आपला संगीतकार पेटीवर चाल बांधतो आणि गाऊन दाखवतो. ती चाल म्हणजे एक रेघ. पंधरा-वीस वादकांना एकाच वेळी वेगवेगळं काय वाजवायचं हे सांगायचं तर कोणीतरी ते कागदावर उतरवावं लागतं. गाण्यामागे चालणारी दुसरी धून, कडव्यांच्या मधले तुकडे, व्हायोलिनांनी कुठे थांबायचं आणि ट्रम्पेटने कुठे घुसायचं, हे लिहिणारे हात बहुतेक गोव्याचे. शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसोझा, अनेकांकडे अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड, आणि सी. रामचंद्रांकडे चिक चॉकलेट.

या जोडीचा सांधा ऐकायचा तर १९४७ पासून सुरुवात करावी. १५ ऑगस्ट १९४७ ला फिल्मिस्तानचा 'शहनाई' प्रदर्शित झाला. नाव सनईचं, दिवस स्वातंत्र्याचा आणि गाजलेलं गाणं मात्र दर रविवारी भेटायला बोलावणाऱ्या एका टवाळ पाश्चात्त्य चालीचं, ज्यात चक्क शिट्टी वाजवलेली. आल्टो सॅक्सोफोन, गिटार आणि हार्मोनिका एकत्र आणण्याचं श्रेयही या काळातल्या रामचंद्रांना दिलं जातं. गाणाऱ्यांत स्वतः चितळकर. भारदस्त मंडळींनी नाकं मुरडली. देश स्वतंत्र होतोय आणि हे काय! पण ते गाणं रस्त्यावर पोचलं. मग १९५० च्या 'समाधी'त त्यांनी कार्मेन मिरांडाच्या एका लॅटिन गाण्याची चाल जवळजवळ तशीच उचलली. सिनेमा आझाद हिंद सेनेचा आणि गाणं रुंबाचं. उचलेगिरी ती उचलेगिरीच, तिला मी 'प्रेरणा' म्हणणार नाही. पण त्या उचलेगिरीत चिक आणि मंडळींचा हात कसा मोकळा होत गेला ते ऐकू येतं.

आणि १९५१ चा 'अलबेला'.

भगवान तोपर्यंत कमी पैशांतले मारामारीचे सिनेमे काढायचे. राज कपूरने त्यांना सांगितलं म्हणे, एक सामाजिक सिनेमा कर. त्यांनी केला: नाटकाचं वेड असलेला गरीब घरातला प्यारेलाल, समोर गीता बाली. गाणी राजेंद्र कृष्ण यांची, संगीत मित्राचं. त्या वर्षी सगळ्यात जास्त चाललेल्या सिनेमांत 'अलबेला' होता. गाणं लागलं की लोक पडद्याकडे नाणी फेकायचे, खुर्च्यांमधल्या वाटेत नाचायचे, असं त्या पिढीचा प्रत्येक माणूस सांगतो. आमचे आबाजीही सांगतात, आणि वर हेही सांगतात की नाचणं परवडायचं, नाणं फेकणं नाही.

हा अल्बम शांतपणे एका बैठकीत ऐका. एक सूचना, 'अल्बम' हा शब्द इथे आपला, त्यांचा नाही. तेव्हा ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या होत्या, एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं. कलावंताने चाळीस मिनिटांचा एक प्रवास आखलाय आणि आपण तो ऐकतोय, ही चैन नव्हती. तरी एका सिनेमाची गाणी ओळीने लावली की त्यांच्यातून एक मनःस्थिती दिसतेच. 'अलबेला'त ती दुभंगलेली आहे, आणि तीच मला आवडते.

एकीकडे 'धीरे से आजा री' ही अंगाई. पिलूच्या अंगाने जाणारी, लता मंगेशकरांच्या आवाजातली, तिची दुसरी प्रत चितळकरांबरोबर. नागपूरच्या सप्रे गुरुजींनी ऐकली असती तर नक्की मान डोलावली असती. मग आमच्या वरातीतलं गाणं येतं: बाँगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन. इथे लताबाईंबरोबर गाणारे चितळकर पूर्ण वेगळे आहेत. आवाज थोडा नाकातला, थोडा वात्रट, शब्द तोंडात घोळवून फेकणारा. शिकलेला गवई इथे मुद्दाम न शिकलेल्यासारखा गातो. तिसऱ्या बाजूला 'भोली सूरत'सारखं गाणं, ज्याचा ठेका मला दर वेळी आपल्याकडच्या तमाशातल्या ढोलकीच्या गल्लीत नेतो, पण त्याच्या मधल्या तुकड्यांत ब्रास उसळ्या मारत असतं. भगवान त्यावर नाचतात ते तर कुठल्याच शाळेचं नाही. जोनी मिचेलच्या अल्बममध्ये एक वाद्य हळूच दार ढकलून आत येतं. इथे दोन्ही दारं सताड उघडी आहेत आणि लोक दोन्ही बाजूंनी ये-जा करताहेत.

मग याला जॅझ म्हणायचं का? जाणकार म्हणतील, नाही. हा नाचाचा बँड, त्यात स्विंग, लॅटिन ठेके आणि भरपूर मसाला. जॅझचा जीव तर उत्स्फूर्त वादनात, आणि इथे ट्रम्पेटचा प्रत्येक सूर आधी लिहिलेला. मला हे मान्य आहे. पण यातच एक मजेशीर गोष्ट दडलीय. रामचंद्र ज्या परंपरेतून आले तिचाही जीव उपजेतच आहे. तीच बंदिश, पण रोज नवी मांडणी. म्हणजे ज्या गोष्टीसाठी हे दोघे एकमेकांचे सख्खे भाऊ ठरले असते, नेमकी ती गोष्ट दोघांना स्टुडिओच्या दाराबाहेर काढून ठेवावी लागली. सव्वातीन मिनिटांत ना आलाप मावत होता, ना ट्रम्पेटचं एकट्याचं फिरणं. चिक रात्री हॉटेलात मनासारखं वाजवायचा आणि दिवसा कागदावर लिहिलेलं. तेव्हा गाठ पडली ती लयीत आणि थट्टेत. म्हणूनच ही गाणी खोल नसतील कदाचित, पण चपळ आहेत.

दुसऱ्या दाराचा पुरावा मला उशिरा सापडला, आणि त्याने मी चाटच पडलो. त्याच १९५१ साली चिक चॉकलेट स्वतः संगीतकार म्हणून एका सिनेमावर झळकला, 'नादान'. त्यात तलत महमूद यांनी गायलेलं 'आ तेरी तस्वीर बना लूँ' आहे. ते लावा आणि ट्रम्पेट शोधा. हॉटेलातला तो झगमगाट कुठेच नाही. आल्दोन्याचा जॅझवाला इतकी हळुवार, इतकी देशी चाल बांधतो की एखाद्याने ती अनिल विश्वासांची म्हणून सांगितली तर मी मानली असती. म्हणजे नागपूरचा शिष्य ताजच्या दिशेने निघालेला आणि ताजचा बँडमास्तर गझलेच्या दिशेने, आणि दोघे एकाच वर्षी रस्त्यात एकमेकांना ओलांडतात. लोकसंगीतातून निघून जॅझला 'पोचणं', जणू ती वरची पायरी आहे, ही पाश्चात्त्य समीक्षेतली गोष्ट इथे लागूच होत नाही.

रामचंद्र स्वतःही त्या पायरीवर थांबले नाहीत. १९५३ मध्ये 'अनारकली' आला, भीमपलासीसकट. १९५७ मध्ये 'आशा'तलं 'ईना मीना डीका', जे आजही लग्नाच्या संगीतात वाजतं. आणि १९५९ मध्ये व्ही. शांताराम यांचा 'नवरंग', होळीच्या रंगात न्हालेला. 'ईना मीना डीका'ची जन्मकथा प्रसिद्ध आहे: बाहेर खेळणारी मुलं इंग्रजी राज्य-घेणं म्हणत होती, त्यावरून सुरुवात सुचली, आणि रामचंद्रांचे गोवेकर सहायक जॉन गोम्स यांनी 'मला नको' अशा अर्थाचे दोन कोकणी शब्द पुढे जोडून दिले. सत्तर वर्षं सगळा देश ते निरर्थक समजून गातोय, आणि म्हापशाच्या बाजारात मात्र त्या दोन शब्दांवर भाव तुटतो.

हे सगळं आमच्या वर्ध्यात कसं पोचत होतं? १९५१ साली आम्ही मध्य प्रदेशात होतो, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात विनोबा पवनारहून भूदानासाठी दिल्लीकडे पायी निघाले. सेवाग्रामला पहाटे आणि संध्याकाळी प्रार्थना, गावात टकळी, खादी, राष्ट्रभाषेच्या परीक्षा. अशा गावात रविवारच्या भेटीचं गाणं गुणगुणणं म्हणजे जरा आगाऊपणाच. आबाजींच्या आईला 'बँडवाली गाणी' घरात चालत नसत. त्यांच्या मते घरात म्हणायचे ते तुकडोजी महाराजांची भजनं, खंजिरीवर. गंमत म्हणजे तुकडोजी महाराजही स्वतः लिहून, स्वतः चाल लावून गाणारेच, आणि १९३६ मध्ये गांधीजींकडे सेवाग्रामला राहून आलेले. आमच्या घरातला खरा 'लोकगायक-गीतकार' तोच होता, चितळकर नव्हेत. पण आबाजी दोन्ही ऐकायचे आणि त्यांना त्यात भांडण दिसत नसे.

भांडण दिल्लीला दिसत होतं. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, संगीताचा जाणकार, आणि चित्रपटगीतांवर मनापासून नाराज. आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार झाली. सगळ्यात जास्त सल होती ती या पाश्चात्त्य वाद्यांच्या मिसळीचीच. परिणाम काय झाला? लोकांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला. डिसेंबर १९५२ पासून अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' तिथून सुरू झाली. पुलगावला ज्याच्याकडे रेडिओ होता त्याच्या ओट्यावर बुधवारी गर्दी व्हायची. लघुलहरींवर आवाज लाटेसारखा यायचा आणि जायचा, आबाजी म्हणतात, ट्रम्पेट मात्र खरखरीतूनही वर यायचा. १९५७ च्या ऑक्टोबरात सरकारने विविध भारती सुरू केली, तेव्हा ही लढाई कोण हरलं ते उघड झालं. केसकरांची बाजू मला पूर्ण चुकीची वाटत नाही. शास्त्रीय संगीताला रेडिओने जो आधार दिला त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. पण 'आपलं' संगीत कोणतं हे ठरवताना त्यांनी गोवेकरांना बाहेरचं धरलं, आणि ते मला खुपतं. गोवा तेव्हा पोर्तुगालकडे होता, १९६१ च्या डिसेंबरापर्यंत. म्हणजे आपल्या गाण्यांचे कागद लिहिणारी माणसं कागदोपत्री परदेशी होती.

आता नावांकडे. तबकडीच्या लेबलवर काय असायचं? सिनेमाचं नाव, गाणाऱ्याचं नाव, संगीतकाराचं नाव. गाणाऱ्याचंही हक्काने नाही. १९४९ च्या 'महल'च्या पहिल्या तबकड्यांवर लताबाईंच्या जागी पडद्यावरच्या पात्राचं नाव छापलं होतं. लताबाईंची ही गत, तर ट्रम्पेटवाल्याला कोण विचारतो! त्याला त्या दिवसाचे पैसे हातात आणि सुट्टी. श्रेयनामावलीत जागा मिळाली तर सहायक म्हणून. पुढे प्यारेलाल यांनी आपले व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस यांचं नाव १९७७ मध्ये 'अमर अकबर अँथनी'च्या गाण्यात घातलं, तेव्हा देशभर ते नाव झालं, पण बहुतेकांना ते काल्पनिक वाटलं. आजही विचारून पाहा.

रामचंद्रांना यासाठी खलनायक करण्यात अर्थ नाही. ती त्या धंद्याची रीतच होती, आणि त्यांनी चिकला निदान दिसू दिलं, ते कसं ते सांगतोच. शिवाय काळाने त्यांनाही फार सोडलं नाही. पन्नासचं दशक संपता संपता शंकर-जयकिशन पुढे गेले, काम आटलं. १९६३ च्या जानेवारीत दिल्लीत लताबाईंनी 'ऐ मेरे वतन के लोगों' गायलं, त्याची चाल रामचंद्रांची. आज त्या गाण्याबरोबर नेहरूंच्या डोळ्यांतलं पाणी आठवतं, चितळकर आठवत नाहीत. १९७७ मध्ये त्यांनी 'माझ्या जीवनाची सरगम' हे आत्मचरित्र लिहिलं आणि ५ जानेवारी १९८२ ला ते गेले. चिक त्याआधीच, १९६७ मध्ये गेला होता, पन्नाशी नुकतीच उलटलेली. भगवानदादांचा जुहूचा बंगला आणि गाड्यांचा ताफा पुढच्या पडलेल्या सिनेमांनी नेला. ते दादरच्या चाळीत राहिले आणि २००२ पर्यंत, अगदी लहानसहान भूमिकांत का होईना, तीच खांद्यांची लकब करून दाखवत राहिले. चाळीवरून गणपतीची मिरवणूक जायची तेव्हा बँडवाले थांबून त्यांचं गाणं वाजवत, असं म्हणतात.

मागच्या दिवाळीत पुलगावला गेलो तेव्हा आबाजींना फोनवर 'अलबेला'तलं 'दीवाना परवाना' दाखवलं. डोळ्यांना त्रास होतो म्हणून स्क्रीन आडवी धरून अगदी नाकाशी नेली. गीता बाली आली, भगवान आले, ते काही बोलले नाहीत. मग मागे बँड दिसला: बाह्यांना झालरी लावलेले क्यूबन छाटाचे शर्ट घातलेली मंडळी, आणि पुढे ट्रम्पेट घेतलेला एक हसरा, सावळा माणूस. चिक चॉकलेट आणि त्याचा खराखुरा बँड. रामचंद्र-भगवान यांनी त्यांना नुसतं वाजवायला न बोलावता पडद्यावर उभं केलं होतं.

आबाजींनी बोट ठेवलं, ते चुकून पॉजवर पडलं. चित्र थांबलं.

"हा झालरीवाला. याले पाह्यलं होतं मी. सिनेमा पाहून आलो अन् मायच्या जुन्या लुगड्याच्या किनारीच्या झालरी लावल्या होत्या बाह्यांले. मार खाल्ला."

"त्याचं नाव ठाऊक आहे?"

"नाई ब्वा. कोन होता?"

मी सांगितलं. अँतोनियो झेव्हियर वाझ, आल्दोना, गोवा. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं, दुसऱ्यांदा नीट जमलं. मग फोन माझ्याकडे दिला.

"लाव पुन्हा. सुरुवातीपासून."